अणूची साक्ष

मुंबई बेटाच्या दक्षिण टोकाशी कुलाब्याची वेधशाळा आहे. ती १८२६ साली उभारली गेली. पृथ्वीच्या चुंबकत्वाची निरीक्षणे तेथे १८४१ साली सुरू झाली आणि १८४६ पासून त्यांची नोंद नियमितपणे ठेवली जाऊ लागली. टांगलेले एक लोहचुंबक, त्याची किंचितशी हालचाल दिसावी म्हणून लावलेली दुर्बीण व मोजपट्टी, आणि पाळीपाळीने आकडे टिपणारे निरीक्षक, एवढाच काय तो सरंजाम. १८५९ च्या सप्टेंबर महिन्याच्या २ तारखेला त्या वहीत काही विलक्षण आकडे उतरले. आदल्या दिवशी इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन ह्या ज्योतिर्विदाने सूर्यावर एक प्रखर ज्वाला पाहिली होती. तिच्यामागोमाग आलेल्या चुंबकीय वादळाने कुलाब्याचे लोहचुंबक असे काही हलविले की, पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचा क्षितिजसमांतर घटक सुमारे १६०० नॅनोटेस्लांनी खाली आल्याची नोंद झाली. टिपणाऱ्याला ह्या आकड्यांचे मोल ठाऊक असण्याचे कारण नव्हते. त्याने ते टिपले, आणि पाळी संपल्यावर तो घरी गेला असेल. पुढे जवळजवळ दीडशे वर्षांनी, २००३ साली, भारतीय भूचुंबकत्व संस्थेतील संशोधकांच्या सहभागाने त्या नोंदींचा नव्याने अभ्यास प्रसिद्ध झाला. आणि इतिहासातील एका अतिप्रचंड चुंबकीय वादळाचे माप जगाला मिळाले, ते मुंबईच्या ह्या वहीतून.

ह्या वहीची अखंडता एकदा धोक्यात आली होती. विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईत घोड्यांच्या ट्रामऐवजी विजेची ट्राम आणण्याचे घाटू लागले. ट्रामला लागणारी वीज रुळांवाटे आणि काही अंशी जमिनीवाटे परत जाते, आणि जेथे विद्युत्प्रवाह तेथे चुंबकीय क्षेत्र हे ठरलेलेच. शहराची सोय आणि वेधशाळेची शांतता ह्या दोन्ही गोष्टी एका जागी नांदणे शक्य नव्हते. तेव्हा वेधशाळेचे संचालक नानाभाई मूस ह्यांच्या कारकीर्दीत समुद्राच्या पलीकडे अलिबागला नवी चुंबकीय वेधशाळा बांधण्यात आली. तिच्या बांधकामात लोखंड कटाक्षाने टाळले गेले. १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षे कुलाबा व अलिबाग ह्या दोन्ही ठिकाणी एकाच वेळी निरीक्षणे घेतली गेली. हेतू हा की, जुन्या वहीचे शेवटचे पान आणि नव्या वहीचे पहिले पान ह्यांचा सांधा बिनचूक जुळावा. १९०७ साली मुंबईत विजेची ट्राम धावू लागली. १९६४ साली ती बंदही झाली. अलिबागची नोंद मात्र अद्याप चालू आहे.

मी शास्त्रज्ञ नव्हे. ज्याचे आयुष्य सरकारी कागद सांभाळण्यात चालले आहे अशा माणसाला ही हकीकत जवळची वाटावी ह्यात नवल नाही. परंतु तिच्यात कोणत्याही मोजमापाला विचारावे असे दोन प्रश्न दडलेले आहेत. पहिला असा की, मोजणारे साधन विश्वासू आहे काय? आणि दुसरा असा की, जेथे मोजावयाचे तेथे पुरेशी शांतता आहे काय? आज ज्या उपकरणाविषयी मी बोलणार आहे, त्याने पहिल्या प्रश्नाचे फार सुंदर उत्तर दिले आहे, आणि दुसरा प्रश्न पूर्वीपेक्षा बिकट करून ठेवला आहे. ह्या उपकरणात लोहचुंबक नाही. त्यात आहे काचेच्या लहानशा कुपीत कोंडलेले धातूचे बाष्प, आणि त्यातून जाणारा प्रकाशाचा एक झोत.

प्रथम आपण काय मोजावयाचे आहे ते पाहू. पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र विषुववृत्ताच्या बाजूस कोठे २५ हजार, तर ध्रुवांच्या बाजूस ६५ हजार नॅनोटेस्लांपर्यंत भरते. नॅनोटेस्ला म्हणजे टेस्ला ह्या एककाचा अब्जांश. हे आकडे ऐकावयास मोठे वाटतात, पण क्षेत्र दुबळे आहे. शीतकपाटाच्या दाराला चिठ्ठी अडकवून ठेवणारे चिमुकले चुंबकसुद्धा, त्याला खेटून मोजले तर, ह्याच्या शंभरपट प्रबळ ठरेल. अशा ह्या दुबळ्या क्षेत्रात सूर्याच्या लहरीप्रमाणे, दिवसरात्रीच्या फेऱ्याप्रमाणे, पायाखालच्या खडकांप्रमाणे जे बारीकसारीक फरक पडतात, तेच अभ्यासकाला हवे असतात.

जर्मन गणिती गाउस ह्याने १८३२ साली चुंबकीय क्षेत्राचे माप लांबी, वस्तुमान व काल ह्या तीन मूळ मापांशी प्रथम जोडून दाखविले. टांगलेले चुंबक किती वेळात झोका घेते आणि दुसऱ्या चुंबकाला ते किती वळविते, अशा दोन प्रयोगांतून त्याने चुंबकाचे स्वतःचे बळ हिशेबातून काढून टाकले आणि पृथ्वीचे बळ तेवढे उरविले. युक्ती अप्रतिम होती. तथापि लोहचुंबक हा साक्षीदार तसा चंचलच. उन्हाने त्याचे बळ घटते, काळाने घटते, धक्क्याने घटते. ज्या धाग्याला ते टांगले त्या धाग्याला स्वतःचा पीळ असतो. म्हणून एका वेधशाळेतील उपकरण दुसरीतील उपकरणाशी पुनःपुन्हा ताडून पाहावे लागे.

ह्या ताडून पाहण्याचे मर्म मला कळले ते निराळ्या ठिकाणी. वजनमापांच्या तपासणीचे कागद काही काळ माझ्या टेबलावरून जात असत. दुकानदाराच्या वजनावर शिक्का मारणारा निरीक्षक आपले वजन वरच्या प्रमाण वजनाशी ताडून घेतो, ते त्याहून वरच्या वजनाशी, अशी ही साखळी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेपर्यंत जाते. आणि तेथील किलोग्रॅम पॅरिसजवळ काचेच्या आवरणांखाली जपलेल्या प्लॅटिनम-इरिडियमच्या एका दंडगोलाशी ताडला जाई. पुढे असे आढळून आले की, शंभर वर्षांत तो दंडगोल आणि त्याच्या जुन्या प्रती ह्यांच्या वजनांत सुमारे ५० मायक्रोग्रॅमचा फरक पडला आहे. आता वजन बदलले कोणाचे? हे ठरविण्यास उपाय नव्हता, कारण तो दंडगोल हाच मुळी किलोग्रॅम! अखेर २०१९ च्या २० मेपासून किलोग्रॅमची व्याख्या ह्या दंडगोलावरून काढून निसर्गातील एका स्थिर राशीवर बसविण्यात आली. माणसाने घडविलेला प्रमाण नमुना कितीही जपला तरी झिजतो. जो कोणी घडविला नाही आणि जो कोणाला झिजविता येत नाही, असा प्रमाण नमुना हवा असेल, तर अणूकडे जावे लागते.

रुबिडियम व सिझियम हे दोन मऊ, चंदेरी झाक असलेले धातू आहेत. बुन्सेन व किर्खोफ ह्या जोडीने १८६० व १८६१ साली वर्णपटातील रेषांवरून त्यांचा शोध लावला आणि त्या रेषांच्या रंगांवरून त्यांना नावे दिली. सिझियम सुमारे २८ अंशांवर वितळते, रुबिडियम ३९ अंशांवर. म्हणजे विदर्भातल्या उन्हाळ्यात ही दोन्ही सावलीतसुद्धा पातळ होतील. थोडी ऊब दिली की त्यांचे बाष्प होते. ह्यांच्या अणूत सर्वांत बाहेरच्या कक्षेत एकच इलेक्ट्रॉन असतो, आणि त्या एकट्या इलेक्ट्रॉनच्या फिरकीमुळे संपूर्ण अणू हा एक अतिसूक्ष्म चुंबक होऊन बसतो.

ह्या चुंबकाला फिरकी आहे हे महत्त्वाचे. होकायंत्राची सुई चुंबकीय क्षेत्रात उत्तरेकडे वळते आणि थांबते. फिरकी असलेला चुंबक तसे करीत नाही. भोवरा कलला तरी पडत नाही, उलट त्याचा आस सावकाश डोलत एक फेर धरतो, हे आपण सर्वांनी लहानपणी पाहिले आहे. अणूही चुंबकीय क्षेत्राच्या दिशेभोवती असाच डोलतो. हे डोलणे किती जलद असावे, हे क्षेत्राच्या बळावर आणि अणूच्या जातीवर अवलंबून असते, हे जोसेफ लार्मर ह्याने १८९७ मध्ये दाखवून दिले. ८७ ह्या वस्तुमानांकाच्या रुबिडियमचा अणू एका नॅनोटेस्लाच्या क्षेत्रात सेकंदाला जवळजवळ ७ फेर धरतो, सिझियमचा अणू साडेतीन. क्षेत्र ४० हजार नॅनोटेस्लांचे असेल तर रुबिडियमचे फेर होतील सेकंदाला २ लाख ८० हजार. मध्यम लहरींवरील आकाशवाणीच्या केंद्रांची कंपने सेकंदाला सुमारे ५ लाखांपासून १६ लाखांपर्यंत असतात, हे ध्यानात घेतले म्हणजे कळेल की, पृथ्वीच्या क्षेत्रात डोलणारा हा अणू रेडिओच्या कंपनांच्या अगदी शेजारी राहतो.

मराठीत गणणे आणि मापणे ह्या दोहोंना ‘मोजणे’ हा एकच शब्द चालतो. येथे त्या शब्दाचे सार्थक होते. क्षेत्र मापावयाचे म्हणजे फेर गणावयाचे. एक सेकंदभर गणून एका फेराचा फरक आढळला, तर क्षेत्र नॅनोटेस्लाच्या सातव्या हिश्श्याने बदलले असे समजावे. आणि कुपी पॅरिसची असो वा अलिबागची, आजची असो वा शंभर वर्षांनंतरची, रुबिडियमच्या अणूचा हा दर एकच असतो.

परंतु अणूंचे डोलणे पाहावे कसे? कुपीतल्या अब्जावधी अणूंची तोंडे दाही दिशांना असतात. एकाचा डोल दुसऱ्याच्या डोलाने पुसला जातो, आणि बाहेर काहीच उमटत नाही. गर्दीतील प्रत्येकजण आपापल्या वेळी टाळी वाजवील तर नुसता गलबला ऐकू येईल. ताल ऐकू यावयाचा तर सर्वांनी एकदम वाजविली पाहिजे. अणूंना आधी एका दिशेला उभे केले पाहिजे. हे कार्य केले प्रकाशाने, आणि त्याचा मार्ग दाखविला फ्रेंच शास्त्रज्ञ आल्फ्रेड कास्लेर ह्याने.

कास्लेरचा जन्म १९०२ साली आल्सेस प्रांतातला. पॅरिसच्या एकोल नॉर्माल ह्या विख्यात विद्यालयात झाँ ब्रोसेल ह्या आपल्या विद्यार्थ्यासमवेत त्याने हे संशोधन केले. १९५० साली त्याने ही कल्पना मांडली, आणि १९६६ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्याला त्याबद्दल लाभले. कल्पनेचे बीज हे की, प्रकाश ऊर्जेबरोबर फिरकीही वाहून नेतो. आपल्याकडे कलकत्त्याला चंद्रशेखर वेंकट रामन व भगवंतम् ह्यांनी प्रकाशाच्या विखुरण्याचे प्रयोग करून प्रकाशकणाला फिरकी असते ह्याचा पुरावा १९३१ सालीच पुढे ठेवला होता. प्रकाशाचा झोत विशिष्ट पद्धतीने गाळून घेतला, तर त्यातील सर्व प्रकाशकणांची फिरकी एकाच बाजूची करता येते. असा प्रकाश अणूने शोषला की ती फिरकी अणूच्या पदरात पडते.

कास्लेरने ह्या क्रियेला पंपाची उपमा दिली. आपण ती मोटेची समजू. विहिरीच्या तळाशी डावा व उजवा असे दोन हौद आहेत, आणि मोट अशी बसविली आहे की, ती फक्त डाव्या हौदातले पाणी वर काढते. वर आलेले पाणी थारोळ्यात टिकत नाही. ते तत्काळ खाली कोसळते, काही डाव्या हौदात, काही उजव्यात. डाव्यात पडले ते पुन्हा उपसले जाते. उजव्यात पडले ते तेथेच राहते, कारण तेथवर मोट पोहोचत नाही. असे होता होता डावा हौद रिकामा होतो आणि सारे पाणी उजव्यात जमते. अणूंचेही तेच. ज्यांची फिरकी प्रकाशाच्या फिरकीशी जुळलेली नाही, ते अणू प्रकाश शोषून वरच्या अवस्थेत जातात आणि क्षणार्धात खाली येतात. ज्यांची पूर्ण जुळली, त्यांना तो प्रकाश आणखी शोषताच येत नाही. थोड्याच अवधीत कुपीतले बहुसंख्य अणू एका दिशेला तोंड करून उभे राहतात.

ह्यापुढची पायरी अधिक मनोज्ञ आहे. उपसण्यास पाणी उरले नाही म्हणजे बैलांना ओढ लागत नाही. त्याचप्रमाणे शोषणारे अणू उरले नाहीत म्हणजे प्रकाश कुपीतून बिनअडथळा पार जातो आणि पलीकडचा झोत उजळतो. म्हणजे अणूंची स्थिती विचारण्यासाठी दुसरे साधन नको. ज्या प्रकाशाने त्यांना उभे केले, तोच बाहेर येऊन त्यांची बातमी सांगतो. हान्स डेमेल्ट ह्याने अमेरिकेत १९५७ साली ही युक्ती सुचविली, आणि त्याच वर्षी कॅलिफोर्नियातील बेल व ब्लूम ह्या दोघांनी ती चुंबकीय क्षेत्र मापण्यासाठी वापरून दाखविली. कुपीभोवती तारेचे वेटोळे घालावयाचे आणि त्यातून अतिशय मंद रेडिओ-लहर सोडावयाची. तिची कंपनसंख्या अणूंच्या डोलण्याशी नेमकी जुळली की अणूंची तोंडे फिरतात, उजव्या हौदातले पाणी डाव्यात येते, प्रकाश पुन्हा शोषला जाऊ लागतो आणि झोत मंदावतो. ज्या कंपनसंख्येवर तो सर्वांत मंद, तीच अणूची साक्ष. तिला सातने भागा, क्षेत्र नॅनोटेस्लांत मिळाले.

ह्यात लाभ केवढा आहे पाहा. अणूचे तोंड फिरविण्यास लागणारा रेडिओ-लहरीचा एक कण इतका क्षीण की, तो एकट्याने टिपणे दुरापास्त. पण त्याच्यामुळे जो प्रकाशकण अडतो, त्याची ऊर्जा त्याच्या अब्जाहून अधिक पट असते. कुजबुज झाली ती अणूपाशी, आणि ऐकू आली ती घंटेच्या नादासारखी. कित्येक उपकरणांत तर कंपनसंख्या शोधीत बसावेही लागत नाही. प्रकाशाच्या झोतातील थरथर वाढवून तीच पुन्हा वेटोळ्यात सोडतात. सभेत ध्वनिक्षेपकाचा आवाज त्याच्याच मायक्रोफोनमध्ये शिरला म्हणजे जशी शीळ घुमू लागते, तसे हे उपकरण आपल्याआप घुमू लागते, आणि घुमते ते नेमके अणूच्या सुरात.

आता ह्या साक्षीदाराच्याही काही अडचणी आहेत. कुपीच्या भिंतीवर आपटला की अणू आपली दिशा विसरतो. म्हणून कोणी आत निऑन किंवा नायट्रोजन असा वायू भरतात, की अणूला भिंतीपर्यंत पोहोचण्यास वेळ लागावा; कोणी भिंतीला आतून पॅराफिनचा, म्हणजे मेणाचा, पातळ थर देतात. मेणाच्या चांगल्या भिंतीवर अणू हजारो वेळा आपटला तरी त्याची दिशा टिकते. दुसरे असे की, हा अणू क्षेत्राचे बळ सांगतो, दिशा सांगत नाही. दिशेसाठी वेधशाळांना अन्य साधने वापरावीच लागतात. शिवाय प्रकाशाचा झोत आणि क्षेत्राची दिशा ह्यांचा कोन फारच प्रतिकूल असला, तर साक्षीदार मुका होतो. सर्वांत मौजेची गोष्ट ही की, ज्या प्रकाशाने अणूला प्रश्न विचारावयाचा, तोच प्रकाश त्याचे उत्तर किंचित बदलू शकतो. चौकशी करणाऱ्याच्या आवाजाने साक्ष बदलू नये ही खबरदारी येथेही घ्यावी लागते.

एवढ्या मर्यादा सांभाळूनही ह्या कुपीने पुष्कळ प्रवास केला. १९६१ च्या मार्चमध्ये अमेरिकेच्या एक्सप्लोरर १० ह्या यानातून रुबिडियमची कुपी अंतराळात गेली. १९६५ पासून पृथ्वीभोवती फिरणाऱ्या ओगो मालिकेतील उपग्रहांनी रुबिडियमच्याच साहाय्याने पृथ्वीचे क्षेत्र वरून मापले. २०१३ साली सोडलेल्या युरोपच्या स्वार्म ह्या तीन उपग्रहांत हेच तत्त्व हेलियमच्या अणूंवर राबविलेले आहे. विमानाला किंवा विमानामागे दोरीला सिझियमची कुपी बांधून खनिजांचा माग काढणे ही तर आता नित्याची गोष्ट झाली आहे.

जमिनीवरचे एक उदाहरण मला विशेष आवडते. दक्षिण इटलीत सिबॅरिस नावाचे एक ग्रीक नगर होते. त्याचे वैभव आणि त्याची चैन दूरदूरवर प्रसिद्ध होती. ख्रिस्तपूर्व ५१० मध्ये शत्रूंनी ते उद्ध्वस्त केले. कालांतराने क्राती नदीच्या गाळाने ते असे झाकले गेले की, नगर कोठे होते हेही कोणाला सांगता येईना. १९६० च्या दशकात अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या वस्तुसंग्रहालयाचे अभ्यासक इटालियन सहकाऱ्यांसह तेथील शेतांतून प्रथम रुबिडियमच्या व पुढे सिझियमच्या कुप्या घेऊन हिंडले. भाजलेल्या मातीच्या कौलांत व विटांत लोहाचे अंश असतात आणि भट्टीतून निघताना त्यांत मुरलेले चुंबकत्व शतकानुशतके टिकते. कित्येक मीटर गाळाखालून त्याचा परिणाम पृष्ठभागावर जाणवतो तो अत्यल्प. पण तेवढा अणूला पुरला. कुदळ न मारता जमिनीखालच्या भिंती कागदावर उमटल्या, आणि मग जेथे खणावयाचे तेथेच खणले गेले.

आतापर्यंत आपण पृथ्वीच्या क्षेत्रातील फरक पाहिले. माणसाच्या शरीरातही विद्युत्प्रवाह खेळतात, आणि म्हणून शरीरालाही स्वतःचे चुंबकीय क्षेत्र आहे. हृदयाचे क्षेत्र छातीपाशी एका नॅनोटेस्लाच्या दहाव्या भागाइतकेही क्वचितच भरते. मेंदूचे त्याहून कितीतरी क्षीण, सुमारे शंभर फेम्टोटेस्ला. फेम्टोटेस्ला म्हणजे नॅनोटेस्लाचा दहा लाखावा भाग. हिशेब केला तर पृथ्वीचे क्षेत्र मेंदूच्या क्षेत्राच्या पन्नास कोटी पट निघते. मेंदूचे हे चुंबकत्व मापण्यासाठी १९७० च्या दशकापासून अतिसंवाहक साधने वापरली जाऊ लागली. ती उत्तम आहेत, पण त्यांना द्रवरूप हेलियमच्या उणे २६९ अंश थंडीत ठेवावे लागते. थंडी आत आणि डोके बाहेर राहावे म्हणून दोहोंमध्ये जाड आवरण घालावे लागते. त्यामुळे साधन टाळूपासून दोनतीन सेंटिमीटर दूर राहते. शिरस्त्राण मोठ्या माणसाच्या मापाचे, आणि डोके जराही हलवावयाचे नाही. ज्या लहान मुलाला अपस्माराचे झटके येतात आणि मेंदूच्या कोणत्या भागातून ते उठतात हे शोधावयाचे आहे, त्याला ‘स्वस्थ बैस’ असे किती वेळ सांगणार?

ह्या ठिकाणी बाष्पाची कुपी पुन्हा उपयोगी पडली. अणू एकमेकांवर आदळतात तेव्हा त्यांचा ताल बिघडतो, म्हणून बाष्प विरळ ठेवावे असा समज होता. १९७३ साली विल्यम हॅपर व त्याचा सहकारी टँग ह्यांनी दाखविले की, बाष्प खूप दाट केले आणि चुंबकीय क्षेत्र जवळजवळ शून्यावर आणले, तर उलटाच प्रकार होतो. विरळ दिंडीत प्रत्येकजण आपल्या पावलाने चालतो. खांद्याला खांदा लागलेल्या दिंडीत वेगळे पाऊल टाकावयास सवडच उरत नाही, आणि सारी दिंडी एका ठेक्यात पुढे सरकते. अणूंचे असेच होते. प्रिन्स्टन येथे मायकेल रोमॅलिस व त्याच्या सहकाऱ्यांनी ह्या तत्त्वावर पोटॅशियमच्या बाष्पाचे उपकरण बांधले, आणि २००३ साली अर्ध्या फेम्टोटेस्लाच्या आसपासची संवेदनक्षमता गाठली. द्रवरूप हेलियमची गरजच राहिली नाही.

पुढे ह्या कुप्या बोटाच्या पेराएवढ्या झाल्या. २०१८ साली इंग्लंडमधील नॉटिंगहॅम व लंडन येथील संशोधकांनी त्या एका हलक्या शिरस्त्राणात बसवून माणसाच्या डोक्यावर चढविल्या. त्या माणसाने मान डोलावली, आळोखेपिळोखे दिले, पेय प्याले, चेंडू फळीने टोलवला, आणि ह्या सर्व हालचालींत त्याच्या मेंदूचे चुंबकत्व मोजले गेले. कुपी ऊबदार असते, थंड नव्हे. म्हणून ती टाळूपासून काही मिलिमीटरांवर ठेवता येते, आणि शिरस्त्राण मुलाच्या डोक्याच्या मापाचे करता येते. २०२२ साली ब्रुसेल्स येथील वैद्यांनी अपस्मार असलेल्या शाळकरी मुलांवर असे साधन वापरून पाहिले, तेव्हा झटक्यांचे मूळ दाखविणारे संकेत त्यांना जुन्या पद्धतीहून अधिक ठळक मिळाले. हे तंत्र अजून सर्व रुग्णालयांत पोहोचलेले नाही. परंतु त्याची दिशा स्पष्ट आहे.

मात्र ह्या प्रयोगाची एक अट आहे, आणि तिथे आपण पुन्हा अलिबागच्या वाटेवर येतो. हा प्रयोग उघड्यावर होत नाही. त्यासाठी विशिष्ट मिश्रधातूच्या अनेक पत्र्यांनी मढविलेली खोली लागते. एवढे करूनही पृथ्वीच्या क्षेत्राचा जो थोडा अंश आत उरतो, तो वेटोळ्यांतून उलटा प्रवाह सोडून नाहीसा करावा लागतो. इमारतीतला उद्वाहक, रस्त्यावरची मोटार, भिंतीतली विजेची तार ह्या प्रत्येकाचा आवाज मेंदूच्या आवाजाच्या हजारो पट मोठा. साक्षीदार जितका तीक्ष्ण कानाचा, तितकी न्यायालयात शांतता अधिक हवी. १९०४ साली एका ट्रामपासून दूर जाण्यासाठी समुद्र ओलांडावा लागला. आज एका खोलीत ती शांतता विकत घ्यावी लागते, आणि ती स्वस्त नाही. जेथे ती निसर्गतः आहे, ती ठिकाणे राखणे हे म्हणून केवळ शास्त्रज्ञांचे काम नव्हे. ते रस्ते, रेल्वे, विजेच्या वाहिन्या आखणाऱ्यांचेही काम आहे, म्हणजे माझ्यासारख्यांचेही. वेधशाळेच्या शेजारची जमीन कागदावर मोकळी दिसते. ती मोकळी का ठेवली आहे ही टीप त्या कागदावर असली पाहिजे, आणि पुढच्या अधिकाऱ्याने ती वाचली पाहिजे.

शेवटी एक गोष्ट सांगून थांबतो. फेर गणावयाचे ते सेकंदाला किती, असे आपण म्हणालो. परंतु सेकंद म्हणजे किती? १९६७ पासून सेकंदाची व्याख्या सिझियमच्याच अणूवरून केलेली आहे: त्याच्या एका विशिष्ट प्रारणाची ९,१९,२६,३१,७७० आवर्तने म्हणजे एक सेकंद. म्हणजे अणूचे डोलणे गणावयाचे, आणि ज्या घड्याळाने गणावयाचे तेही अणूवरच बांधलेले. प्रमाण नमुना कपाटात ठेवण्याचे कारण उरले नाही. पण कुलाब्याच्या त्या निरीक्षकाचे कारण उरले आहे. अणू खोटे बोलत नाही हे खरे असले तरी तो आपण होऊन काही लिहूनही ठेवीत नाही. त्याच्यापुढे दिवा लावणारा, शांतता राखणारा, आणि आलेला आकडा जसाच्या तसा वहीत उतरविणारा कोणीतरी असावाच लागतो. १८५९ च्या त्या वादळात कुलाब्याला तसा माणूस आपल्या जागेवर होता, म्हणून आज आपल्याजवळ ते माप आहे.